एका कुंडीची दोन पंचांगं

अलिसमचं बी नर्सरीत हंगामी फुलांच्या पाकिटांत अगदी स्वस्तात मिळतं. पाकिटावर पांढऱ्या फुलांचा गालिचा छापलेला असतो आणि मागच्या बाजूला ऊन, पाणी, खत यांविषयी दोन-चार ओळी. या झाडाच्या मूळ गावी पाऊस कधी पडतो, हे मात्र पाकिटावर सहसा नसतं. माझ्या मते बागकाम करणाऱ्याला हेच सर्वांत आधी कळायला हवं. मातीचा पोत सुधारता येतो, सावली करता येते, पाणी कमी-जास्त करता येतं. पण झाडाने पिढ्यान् पिढ्या पाळलेलं पंचांग आपल्याला बदलता येत नाही. ते ओळखून त्यात आपली सोय बसवावी लागते.

अलिसमचं शास्त्रीय नाव लोब्युलारिया मारिटिमा. भूमध्य समुद्राच्या काठचं हे रानफूल स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, उत्तर आफ्रिका इथल्या किनाऱ्यांवर खडकांच्या फटींत, वाळूत आणि रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतं. उंची जेमतेम वीतभर. उंच वाढण्यापेक्षा आडवं पसरण्याकडे त्याचा कल. जवळून पाहिलं तर प्रत्येक फूल दोन-चार मिलिमीटरचं आणि चार पाकळ्यांचं दिसतं, म्हणजे मोहरी आणि मुळ्याच्या फुलासारखी ठेवण. कूळही तेच. पण एकेका तुऱ्यात अशी पन्नासेक फुलं दाटीने येतात, खालची सुकत जातात तशी वरची उमलतात, आणि सगळ्या झुडपाला मधासारखा वास येतो. दुपारच्या उन्हात वाफ्याजवळून गेलं तरी तो जाणवतो.

भूमध्य समुद्राभोवती पाऊस हिवाळ्यात पडतो. अथेन्समध्ये वर्षाला सुमारे 400 मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, आणि जुलैत तर नावापुरता. उन्हाळा कडक आणि कोरडा, हिवाळा ओला पण फारसा गोठवणारा नाही. जगात असं हवामान फक्त पाच ठिकाणी सापडतं: भूमध्य समुद्राचा परिसर, कॅलिफोर्निया, चिलीचा मध्यभाग, दक्षिण आफ्रिकेचं केप टोक आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा. पृथ्वीवरच्या जमिनीचा हा अवघा दोन टक्के भाग, पण वनस्पतींच्या सुमारे एक पंचमांश जाती इथे राहतात. बागांमधली कितीतरी फुलं इथूनच जगभर गेली.

आता महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला जाऊ. नर्मदा महाराष्ट्राला स्पर्श करते ती फक्त नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर कडेने, आणि त्या कडेवर अक्कलकुवा तालुक्यात मणिबेली आहे. समोरच्या काठावर गुजरात. सातपुड्याच्या रांगा इथे थेट नदीपर्यंत उतरतात. डोंगरांवर साग, सालई, धावडा, मोह, टेंभुर्णी असं पानगळीचं जंगल. पाऊस जून ते सप्टेंबर, नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळतात, जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो, कधी त्याला वणवा लागतो. एप्रिल-मेमध्ये त्या उतारांवर जमिनीलगत हिरवं काहीच दिसत नाही.

अथेन्सचा डोंगर ऑगस्टमध्ये आणि मणिबेलीचा डोंगर मेमध्ये, दोन्ही सारखेच भाजलेले. दोन्हीकडच्या बुटक्या झाडांपुढे एकच अडचण असते: वर्षातला मोठा कोरडा काळ काढायचा कसा? उंच झाडाची मुळं खोल जातात, त्याला काही ना काही ओल मिळते. वीतभर झाडाला ती सोय नाही. मग एक तर बी टाकून मरून जायचं, नाहीतर जमिनीखाली कंद करून वरचं सगळं सोडून द्यायचं. दोन्ही प्रदेशांतल्या झाडांनी दोन्ही युक्त्या वापरल्या आहेत. फरक एवढाच की तिकडची झाडं हिवाळ्यात जागी असतात आणि आपली पावसाळ्यात.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण रानकांद्याचं. काही ठिकाणी त्याला कोळकांदा म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. याची सख्खी बहीण ड्रिमिया मारिटिमा भूमध्य समुद्राच्या काठी वाढते. आपल्याकडचा रानकांदा भर उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, कांद्यातून सरळ दांडा वर काढतो आणि त्यावर फिकट रंगाची फुलं येतात. पाऊस आला की पानं येतात. तिकडची बहीण उन्हाळ्याच्या शेवटी अशीच बिनपानांची फुलते आणि हिवाळ्यातला पाऊस सुरू झाला की पानं काढते. दोघी आपापल्या पावसाच्या थोडं आधी फुलतात. दोघींच्याही कांद्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, म्हणून घरात लहान मुलं असतील तर हा कांदा बागेत आणू नये.

मग अलिसमचं आपल्याकडे जमतं कसं? ते जमतं रब्बीमुळे. महाराष्ट्रात हिवाळ्यात पाऊस नसतो, पण थंडी असते, स्वच्छ ऊन असतं, आणि पाणी द्यायला हातात झारी असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की भूमध्य प्रदेशातल्या झाडाला आपल्या गावचा हिवाळा आल्यासारखं वाटतं. आपल्या रब्बीच्या ताटाकडे पाहा: गहू, हरभरा, मसूर, जवस, मेथी, कोथिंबीर. यातल्या बहुतेकांचे पूर्वज पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातले. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वी माणसं हिवाळ्यात जव पिकवत होती असं दिसून आलं. त्या पश्चिमेकडच्या धान्यांना दख्खनच्या हिवाळ्यात जागा करून देण्याचं काम आपल्या पूर्वजांनी केव्हाच केलं आहे. अलिसम लावणारा माणूस त्याच वाटेने चाललेला असतो.

त्या धान्यांबरोबर न बोलावता आलेलं एक भूमध्यी रानफूलही आपल्या शिवारात आहे. गव्हा-हरभऱ्याच्या बांधावर जानेवारीत खाली वाकून पाहिलं तर गडद निळं, पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाहून लहान फूल दिसतं. मध्यभागी जांभळट लाल ठिपका, त्यातून वर येणारे पिवळे परागकोश. देठ चौकोनी, बोटात धरून फिरवला तर कडा जाणवतात. पानं समोरासमोर, देठाला बिलगलेली, आणि पान उलटलं तर मागे बारीक काळसर ठिपके. याला इंग्रजीत पिम्पर्नेल म्हणतात. शास्त्रीय नाव ॲनागॅलिस आर्वेन्सिस, अलीकडे त्याला लिसिमॅकिया या प्रजातीत टाकलं आहे. युरोपच्या उत्तरेकडे हे फूल शेंदरी असतं, दक्षिणेकडे निळ्याचं प्रमाण वाढत जातं, आणि आपल्याकडे दिसतं ते बहुधा निळंच. सकाळी ऊन चढल्यावर ते उमलतं, दुपार उलटली की मिटतं, आभाळ भरून आलं तरीही मिटतं. फळ मिरीएवढं, गोल. पिकलं की आडवं तडकतं आणि वरचं अर्धं झाकण टोपीसारखं निघून बिया सांडतात. हे झाड विषारी आहे, त्यामुळे जनावरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नये. पण कुंडीच्या कडेला एखादं आपोआप आलं तर उपटण्याची घाई करू नका. लावून वाढवायला हे फूल नाखूश असतं, आपलं आपण आलं तर छान वाढतं.

आता अलिसमच्या लागवडीकडे येऊ. पेरणीची वेळ दसरा ते दिवाळी. ऑक्टोबरचा उन्हाचा चटका ओसरून रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. कोकणात आणि मुंबईत थोडं थांबून, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेलं बरं. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर हिवाळा चांगलाच पडतो. अक्कलकुवा तालुक्यातल्याच डाबच्या परिसरात काही वर्षी पहाटे गवतावरचं दव गोठतं. अशा थंडीत अलिसम रुसत नाही, वाढ फक्त मंद होते. त्याचा खरा शत्रू उष्मा. मार्चच्या मध्यापासून फुलं विरळ होतात, पानं पिवळी पडतात, आणि एप्रिलमध्ये झाड जातं. आपल्या मूळ गावी ते दोन-तीन वर्षंही जगतं, आपल्याकडे मात्र त्याला हंगामी फूलच समजावं.

बी फार बारीक असतं. एका ग्रॅममध्ये तीन हजारांच्या आसपास. म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून ट्रेमध्ये भुरभुरावं. वरून माती घालू नये. तळहाताने हलकं दाबलं की पुरे, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. पाणी झारीने ओतलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं, फवारणीच्या बाटलीने द्यावं. आठवडाभरात उगवण दिसते. रोपं दाट आली आणि माती सतत ओली राहिली की ती जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. एकदा हा रोग लागला की एका दिवसात अर्धा ट्रे जातो. त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत पाण्यापेक्षा मोकळ्या हवेची काळजी जास्त घ्यावी.

रोपांना चार-सहा पानं आली की ती वीतभर अंतराने लावावीत. कुंडी पसरट घ्या, खोल नसली तरी चालते. माती, शेणखत आणि वाळू समान भागांत. काळ्या मातीत हे फूल नीट चालत नाही, पाणी साचून मुळं कुजतात. शेतातल्या बागेत लावायचं असेल तर गादीवाफा करून त्यात भरपूर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. खत कमी घाला. जास्त खताने पानं माजतात आणि फूल मागे पडतं. समुद्रकाठच्या खडकावर वाढणाऱ्या झाडाला सुपीक मातीची सवय नसते. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळायलाच हवं. पाणी सकाळी, मातीचा वरचा थर सुकलेला दिसल्यावर.

पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात, म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला वाफा भरतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीतच भरतं. महाराष्ट्रात हंगामी फुलांचा बहर त्याच सुमारास असतो. पहिला बहर ओसरायला लागला की एक काम धीर करून करायचं. कात्रीने सगळं झुडूप निम्म्यापर्यंत कापून टाकायचं. बहुतेक जण इथे कचरतात, फुलं असलेलं झाड कापायला हात धजावत नाही. पण कापलं नाही तर झाड सगळी ताकद बी धरण्यात घालवतं आणि मधून पोकळ, काटकुळं दिसायला लागतं. कापून पाणी दिलं की दोन-तीन आठवड्यांत दुसरा बहर येतो, कधी पहिल्यापेक्षा दाट.

या फुलाचा शेतीतही उपयोग आहे आणि तो आपल्या परसबागेतही लागू पडतो. कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात सेंद्रिय लेट्यूसच्या शेतांत अलिसमच्या ओळी मुद्दाम लावतात. सिरफिड माशीसाठी. ही माशी दिसायला लहानशा मधमाशीसारखी, हवेत एका जागी स्थिर राहणारी. तिचं तोंड आखूड असतं, त्यामुळे खोल नळीच्या फुलातला मध तिला मिळत नाही. अलिसमच्या उथळ फुलातला मिळतो. ती जवळच अंडी घालते आणि तिच्या अळ्या मावा खातात, एकेक अळी शेकडो मावा. आपल्याकडे टोमॅटो, वांगी, चवळी यांच्या वाफ्याच्या कडेने अलिसमची ओळ लावावी. कोबी-फ्लॉवरच्या शेजारी लावलं तर मात्र नजर ठेवावी, कारण कूळ एकच असल्याने कोबीवरच्या काही किडी अलिसमवरही येतात.

एवढं झालं हिवाळ्याच्या फुलाचं. पण ज्या बागेत नुसती हिवाळ्याचीच फुलं आहेत ती पावसाळ्यात उघडी पडते. आपल्या स्वतःच्या डोंगरांत पावसाळ्याची इतकी बुटकी, देखणी रानफुलं आहेत की त्यांना बागेत जागा न देणं मला अन्यायाचं वाटतं. मणिबेलीच्या आसपासच्या सातपुड्यातलं असंच एक झाड म्हणजे सफेद मुसळी.

मुसळी सगळ्यांना औषधाच्या दुकानातल्या सुकलेल्या, पांढऱ्या, वाकड्या काड्यांच्या रूपात माहीत असते. तिचं फूल फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. जूनमध्ये पहिले चांगले पाऊस पडले की सागाखालच्या भुसभुशीत मातीतून पानांचा झुबका वर येतो. पानं लांबट, मधे पन्हाळीसारखी, जमिनीवर चक्राकार पसरलेली. जुलै-ऑगस्टमध्ये झुबक्याच्या मधून दांडा निघतो आणि त्यावर पांढऱ्या सहा पाकळ्यांच्या चांदण्या येतात, मधे पिवळे परागकोश. एक फूल एक दिवसाचं, पण दांड्यावर रोज नवी उमलत राहतात. तिची आफ्रिकेतली चुलत बहीण तुमच्या बाल्कनीत बहुधा आधीच असेल: पांढऱ्या पट्ट्यांच्या लांब पानांचं, लोंबणारी पिल्लं देणारं स्पायडर प्लांट. दोघींची प्रजाती एकच, क्लोरोफायटम. पावसाळ्यात कोकणात आणि ठाणे-पालघरकडे फोडशी किंवा कुळीची कोवळी पानं भाजीला बाजारात येतात, तीही याच गोतावळ्यातली.

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात मुंबईचं उपनगर आहे. क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे बोरिवलीची. हे नाव दिलं फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात. सांतापाव यांचा जन्म 1903 मध्ये स्पेनच्या तारागोना प्रांतातला, म्हणजे जिथे अलिसम रस्त्याच्या कडेला उगवतं त्या भूमध्यी किनाऱ्याकडचा. जेझुइट म्हणून ते भारतात आले, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, खंडाळ्याच्या वनस्पतींवर 1953 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. हिवाळी पावसाच्या मुलखात वाढलेल्या या माणसाने पावसाळ्याच्या आपल्या रानफुलांकडे जन्मभर जितकं बारकाईने पाहिलं, तितकं आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल.

फुलं झाली, तीन कडांच्या बोंडांत काळं बी धरलं की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडतात आणि गळून जातात. जमिनीवर खूणही राहत नाही. खाली मात्र एका लहान चकतीला खालच्या बाजूने बोटांसारख्या मुसळ्यांचा घड लटकलेला असतो. ही चकतीच झाडाचा जीव. पुढच्या वर्षीचे डोळे तिच्यावर असतात. मुसळी कितीही जाड असली, पण तिच्याबरोबर चकतीचा तुकडा नसेल तर ती उगवत नाही. सागाच्या पाचोळ्याला वणवा लागला तरी चार बोटं मातीखाली हा घड सुखरूप असतो.

खणणाऱ्या हातांपुढे मात्र त्याचा इलाज नाही. पानं गळल्यावर मुसळी सापडत नाही, म्हणून जंगलात ती पानं हिरवी असतानाच, म्हणजे मुसळ्या कोवळ्या आणि बी अजून पडायचं असताना, खणली जाते. चकतीसकट. त्यात मालाचा दर्जा जातो आणि त्या जागेवरचं झाडही संपतं. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात मुसळीच्या शेतीची मोठी लाट आली, बेण्याला अवाच्या सवा भाव मिळाला, आणि पुढे माल घ्यायला कोणी उरलं नाही. त्या लाटेत होरपळलेल्या शेतकऱ्याने मुसळीचं नाव टाकलं तर त्याला दोष देता येत नाही.

मणिबेलीच्या बाबतीत जंगलाचं आणखी एक नुकसान झालं, आणि त्याची भरपाई कुठल्याही कुंडीत होत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आलेल्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी मणिबेली पहिलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे नर्मदा बचाओ आंदोलनाचे सत्याग्रह झाले, 1993 मध्ये घरं पाण्यात गेली, आणि 1994च्या जाहीरनाम्याने हे छोटं गाव जगभर पोचलं. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असं म्हणणाऱ्या 44 देशांतल्या 326 संघटनांच्या त्या निवेदनाला मणिबेलीचंच नाव आहे. जवळचं शूलपाणेश्वराचं पुरातन देऊळही बुडालं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाण्याची पातळी आणखी वर, 138.68 मीटरपर्यंत नेण्याची सोय झाली. महाराष्ट्रातली सुमारे साडेसहा हजार हेक्टर वनजमीन या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे. बुडीताचा हिशोब करताना झाडं मोजली जातात, साग मोजला जातो. आठ महिने जमिनीखाली झोपणाऱ्या वीतभर झाडांची नोंद कोण करणार? कंदाला वणवा सोसतो, दुष्काळ सोसतो, पण महिनोन् महिने साचलेलं पाणी सोसत नाही. खोऱ्यातल्या खालच्या उतारांवरची जी काही मुसळी, काळी मुसळी, रानकांदे पाण्याखाली गेले, ते कुजले.

काळ्या मुसळीचं नाव आलंच आहे तर तिच्याविषयी थोडं सांगतो. ती सफेद मुसळीच्या नात्यातली नाही. कर्क्युलिगो ऑर्किऑइडीस हे तिचं शास्त्रीय नाव. पानांना पंख्यासारख्या घड्या, आणि पिवळी चांदणी अगदी जमिनीला टेकलेली, कारण फुलाचा बीजकोश पानांच्या बुडाशी मातीतच असतो. पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं तर तिथे नवं रोप तयार होतं. सावलीत चालणारं पावसाळी बुटकं फूल हवं असेल तर यासारखं दुसरं नाही.

सफेद मुसळी कुंडीत लावायची तर बेणं मे अखेरीस तयार ठेवावं. प्रत्येक तुकड्याला चकती आणि किमान एक डोळा असलाच पाहिजे. बारा इंची कुंडी, तळाला खापराचे तुकडे, वर माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर बुरशीला आळा बसतो. डोळा वर करून, चकती मातीच्या पृष्ठभागाखाली दोन बोटं राहील अशी लावावी. पाणी मोसमी पाऊस सुरू झाल्यावरच. अवकाळी सरी पडल्या तर कुंडी आत घ्या, नाहीतर डोळा अवेळी फुटतो. पावसात पाणी निघून जातं की नाही हे रोज पाहावं, आणि कुंडी पागोळ्यांखाली कधीही ठेवू नये. सकाळचं ऊन आणि दुपारची विरळ सावली तिला मानवते, सागाखाली तिला तेवढंच मिळत असतं. बियांपासून करायची हौस असेल तर करा, पण फार कमी बी उगवतं आणि फुलायला धीर धरावा लागतो.

सप्टेंबरअखेर पहिलं पान पिवळं दिसलं की पाणी बंद. माझ्याकडे मुसळीच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं बहुतेक इथेच चुकलेली असतात. पान पिवळं पडलं म्हणून ती काळजीने जास्त पाणी घालतात, वर खतही घालतात. पानं नसलेल्या कंदाला पाणी ओढता येत नाही. ते मातीत साचून राहतं, बुरशी येते, आणि जूनमध्ये कुंडी उकरली तर हाताला नुसता चिखल लागतो. झोपलेल्या झाडाची काळजी म्हणजे त्याला एकटं सोडणं.

आता शीर्षकातल्या कुंडीबद्दल. अलिसम ऑक्टोबर ते मार्च जागं, मुसळी जून ते सप्टेंबर. मग दोन्ही एकाच कुंडीत लावावीत असं कोणालाही सुचेल. तसं करू नका. हिवाळ्यात अलिसमला दिलेलं पाणी खाली झोपलेल्या मुसळीला कुजवतं. पण जागा पाळीपाळीने वापरता येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अलिसमचं बी ट्रेमध्ये टाका. नोव्हेंबर संपेपर्यंत मुसळीची साल तपकिरी होऊन कंद पक्का झालेला असतो. तेव्हा कुंडी उलटी करून घड अलगद काढा, धुऊ नका, माती झटका आणि कोरड्या वाळूत घालून हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवा. उंदरांपासून जपा, मुसळी त्यांना फार आवडते. त्याच कुंडीत थोडी नवी वाळू आणि खत घालून अलिसमची महिन्याभराची रोपं लावा. एप्रिलमध्ये अलिसम संपलं की माती पसरून कडक उन्हात तापू द्या. जूनमध्ये मुसळी परत. अशी एक कुंडी वर्षातले आठ-नऊ महिने हिरवी राहते आणि दोन्ही झाडांना आपापल्या गावचा ऋतू मिळतो.

बेणं कुठून आणायचं, याबद्दल मात्र आग्रहाने सांगायचं आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे, आणंदजवळ बोरियावीला केंद्र सरकारची औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी चौकशी करा, किंवा लागवडीतून बेणं करणाऱ्या शेतकऱ्याकडून घ्या, आणि ते लागवडीतलंच आहे हे विचारून घ्या. सातपुड्यात फिरायला गेलात आणि पावसात पांढरी चांदणी दिसली तर गुडघ्यावर बसून पाहा, फोटो काढा, पण खणू नका. जंगलातून उपटलेली मुसळी रस्त्याच्या कडेला कोणी विकत असेल, तर ती स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. चकतीसकट निघालेलं ते झाड त्या उतारावर परत येत नाही.